ढोलाखालचा आवाज

"ढोल कमी कर. अजून. पार गाडून टाक त्याला," दैवशाला म्हणाली.

सुरजनं बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, उतरवला. परंड्यातल्या त्याच्या दहा बाय दहाच्या स्टुडिओत ढोल विझल्यासारखा झाला. पण त्याबरोबर तिच्या बापाचा, बिराप्पाचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा चिरका झाला. बास पुन्हा चढवला, तर ढोल ओवी गिळायचा. सुरजनं कपाळ चोळलं.

दैवशालेला फक्त बापाचा आवाज हवा होता. नऊ वर्षांपूर्वी ईट गावच्या जत्रेत तिनंच आपला मोबाइल बापाच्या मांडीपुढं, घोंगड्यावर ठेवला होता. तेवढी एकच ओवी मागं उरली होती. उद्या बिराप्पाला जाऊन वर्ष होणार होतं. सगळ्या गावापुढं ती ओवी लावायची होती.

बाकावर रेवणप्पा बसला होता. बिराप्पाच्या गुडघ्याला गुडघा लावून त्यानं चाळीस वर्षं ढोल वाजवला होता.

"असू दे की गं पोरी. ढोलाबिगर ओवी म्हंजी मिठाबिगर कालवण."

"तुमच्या मिठानंच खारट झालं, तात्या. सगळं गाव म्हणायचं, रेवणप्पा आता गाणं खायला लागलाय. पण तुमचा हात काय हलका झाला न्हाय."

"म्हातारपणी हाताला लगाम ऱ्हात न्हाय बघ," रेवणप्पा हसून म्हणाला.

सुरजनं ओवी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. मग त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ताई, सगळ्या बासाचा दोष न्हाय. ढोल बाकी सगळीकडं बेतात हाय. पाचच जागी एकदम उसळतो. तेवढ्याच दाबतो."

रेवणप्पाचं हसू मावळलं. "तेवढ्या सोड, बाबा. बाकी पाहिजे ते कर."

"आजोबा, तेवढ्याच तर नडत्यात."

सुरजनं पहिली जागा दाबली. ढोल खाली बसला. त्याच्या खाली ओवी नव्हतीच. बिराप्पा पुटपुटत होता, "म्होरं काय रं, रेवण?" रेवणप्पा दबक्या आवाजात पुढची ओळ सांगत होता. बिराप्पानं ती लगेच उचलली, खणखणीत. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या, चौथ्या जागीही तेच.

दैवशाला रेवणप्पाकडं बघत राहिली. बाप विसरायला लागलाय, हे घरात कळलं ते त्या जत्रेनंतर दोन वर्षांनी.

"देवापुढं उचललेली ओवी मधीच टाकायची नसती," रेवणप्पा खाली बघत म्हणाला. "आन लोक त्याला हसले असते. त्यापरीस मला नावं ठेवली, काय बिघडलं?"

दैवशालेला ती सांज आठवली. भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. बापाच्या खांद्यावरचं घोंगडं. आणि गाता गाता एकाएकी तिच्यावर खिळलेली त्याची नजर. एवढ्या गर्दीत बाप आपल्यासाठीच गातोय, असं तिला वाटलं होतं. पुढं त्याला घरातलं कुणीच ओळखू येईना झालं, तेव्हा त्या एका नजरेवर तिनं दिवस काढले होते.

तिनं पदरानं डोळे पुसले. "सुरज, ढोल होता तसा कर. उद्या तसाच लावायचा."

रेवणप्पानं सुस्कारा सोडला आणि पटका उचलला. "चल पोरी, गाडी चुकंल."

"पाचवी जागा राहिली, ताई," सुरज म्हणाला. "दाबून ठेवलीया. ऐकून घेता?"

"नको!" रेवणप्पा म्हणाला. जरा जास्तच घाईनं म्हणाला.

दैवशालेनं हेडफोन कानाला लावले.

"समोर बसलीया ती बाई कोण रं?" बाप विचारत होता.

"तुझी लेक हाय, दैवशाला," ढोलाखालून रेवणप्पा सांगत होता. "तिच्याकडं बघत गा."