उजव्या हाताचा ठसा

पुंडलिकनगरात मसाल्याचा कारखाना काढला, तेव्हा छापखान्याला द्यायला चित्र नव्हतं. रत्नमालाच्या नवऱ्यानं, सर्जेरावानं, हळदीनं माखलेला उजवा तळहात पहिल्या कागदी पाकिटावर दाबला. तोच ठसा ट्रेडमार्क झाला. यंदा कांडपाच्या मशीननं तो हात कोपरापासून नेला. दवाखान्यापायी मशीन विकलं. आज ट्रेडमार्कही चालला. घेणाऱ्या कंपनीच्या वकिलानं अट वाचली, “यापुढं हा ठसा तुम्ही कुठंच उमटवायचा नाही.” सर्जेरावानं रिकामी बाही वर केली. “नाय उमटवत, साहेब!” तो खदाखदा हसला. डाव्या हातानं त्यानं वाकडीतिकडी सही केली. वकिलानं मूळ पाकीट मागितलं. रत्नमालानं ते टेबलावर ठेवलं. ठशाच्या पिवळ्या बोटांवर आपली बोटं टेकवली. “ताई, सोडा. ठसा आता कंपनीचा,” वकील म्हणाला. “व्हय,” ती म्हणाली. पण तिला तो हात सोडवेना.