नानासोंचा टर्बो

"तुझ्या तेलानं माझा टर्बो खाल्ला!"

मलकापूरच्या गॅरेजात नानासो असे कडाडले, की शेजारच्या रसवंतीची घुंगरं थांबली.

जोतीरामनं हातातला पाना खाली आपटला. अठरा वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करून आलेला हा गडी दोन वर्षं खपून करंजीच्या तेलापासून डिझेल बनवत होता. तो त्याला बायोडिझेल म्हणायचा, गाव 'जोत्याचं तेल'. नानासोंच्या पाठोपाठ आज प्रथमच चार जीपवाल्यांनी त्याच्याकडून कॅन भरून नेले होते. ते कॅन घेऊन चौघंही दारात उभे होते. टाकीत ओतायचं की नाही, हे नानासोंच्या जीपच्या टर्बोवर ठरणार होतं.

"आवं, म्या बजावलं व्हतं," जोतीराम दात खाऊन म्हणाला. "जुन्या टाकीतला गाळ ह्यो मोकळा करतोय, फिल्टर बदला म्हणून. बदलला?"

"मला शिकवू नगंस! पोरीच्या वरातीत गाडी बंद पडली. व्याही खाली उतरून ढकलत व्हता. व्याही!"

"तात्याबा, उघडा बॉनेट! टर्बो काढा भाईर, समद्यांम्होरं. जळलेला निघाला तर माझा ह्यो धंदा आजच बंद!"

तात्याबा मिस्त्रीनं आधी फिल्टर काढला. काकवीसारखा काळा गाळ ठिबकला.

"ह्यो बघा!" जोतीराम ओरडला.

"फिल्टर ऱ्हाऊ दे. टर्बो दाव!"

तात्याबा डावीकडून वाकला, उजवीकडून वाकला, गाडीखालीही जाऊन आला. मग बराच वेळ हात पुसत राहिला.

"नानासो, ह्या गाडीला टर्बो न्हाई."

"न्हाई म्हंजी? मागं लिवलंय की!"

"ते कराडच्या पेंटरनं लिवलंय. तुमीच लिवून घेतलंसा, झोकात दिसतंय म्हणून."

जोतीरामनं सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला. नानासो मागं गेले, 'टर्बो' ही लाल अक्षरं बघून परतले. आता चेहरा अक्षरांपेक्षा लाल होता.

"बघा रं!" ते दाराकडं वळून गरजले. "मागमूस सुदिक ठिवला न्हाई! मुळासकट खाल्ला!"

जोतीरामनं दाराकडं पाहिलं. चौघंही तिथं नव्हते. रस्त्याकडेला त्यांच्या चार जीपा ओळीनं उभ्या होत्या. चारींच्या पाठीवर त्याच पेंटरची तीच लाल अक्षरं.

पहिला जीपवाला गटारावर वाकून कॅन रिकामा करत होता.