मटणावरचा कर

मधुमेहाने सडलेले पाय कापून कापून डॉक्टर लोलोहेआ थकले होते. “आता बोटीने येणारं चरबीचं मटणच अडवतो, सिस्टर,” मला म्हणाले आणि निवडणुकीला उभे राहिले. मंत्री होऊन मटणावर कर बसवला. पुढच्या निवडणुकीत टोंगातल्या आमच्या बेटाने त्यांना साफ पाडलं. पाडणाऱ्यांत मीही होते. डॉक्टर संसदेचा निरोप घेऊन थेट इस्पितळात आले, संसदेत कमरेला गुंडाळायची मानाची चटईही सोडली नव्हती. तिची गाठ मीच सोडली. ऑपरेशनच्या टेबलावर वीका म्हातारी होती. “मत नाही दिलं तुला, लेका. मटण महाग केलंस. पण पाय तूच काप.” डॉक्टरांनी कापला. दुपारी तिची लेक नारळाच्या दुधातलं मटण घेऊन आली. “पोटभर खा, डॉक्टर, नव्या सरकारने कर उठवला!” डॉक्टर लेकीच्या पायांकडे बघत होते. अंगठ्याला चिंधी होती. “सिस्टर, करवत कपाटात ठेवू नका.”