धनेशाची कवळी

चोचीला नवं टोक बसलं, भूल उतरली आणि डॉक्टरीणबाईंनी धनेशाला त्याच्या मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. तो उडाला तशी पंखांची अशी घरघर झाली की टोक करणारा म्हातारा दोन पावलं मागे सरला. काय देखणं पाखरू! काळ्या पंखांवर पांढरा पट्टा, डोक्यावर टोपासारखी वाढ, आणि पापण्या तर एखाद्या नटीला हेवा वाटावा अशा.

म्हातारा माणसांच्या कवळ्या करणारा. पक्ष्याची कवळी पहिल्यांदाच, आणि तीही एका दिवसात. कारण धनेशाच्या मादीने अंड्यांसकट स्वतःला त्याच पिंजऱ्यातल्या झाडाच्या ढोलीत लिंपून घेतलं होतं. मोकळी होती ती एक फट. तिच्यातून ती फक्त नवऱ्याकडूनच खायची, आणि तुटक्या चोचीने त्याला साधं अंजीर उचलता येत नव्हतं. ढोली फोडली तर ती वाचणार, पण अंडी जाणार.

आता धनेश फांदीवर नुसता बसून होता. समोर अंजिरांचं ताट, पण तो बघेना. चोच पार फिकट दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा कळलं, सकाळी माप घेताना म्हाताऱ्याने सवयीप्रमाणे चोच स्पिरिटने लख्ख पुसली होती आणि खालून निघालेल्या रंगाशी टोक तंतोतंत जुळवलं होतं.

"अहो, तो पिवळा मळ नव्हता," बाई म्हणाल्या. "शेपटीपाशी तेल असतं त्याच्या. ते तो चोचीला लावतो. साज आहे तो त्याचा."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. बायकोसमोर बिचाऱ्याला बोडका उभा केला की मी, असं तो स्वतःशीच म्हणाला.

बराच वेळ गेला. फटीतून मादीच्या चोचीचं टोक दिसे, आत जाई. बाईंनी ढोली फोडायला पटाशी मागवली.

तेवढ्यात धनेशाने मान मागे वळवली. शेपटीच्या मुळाशी चोच घासली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पिवळं चढत गेलं. नव्या टोकावर तर तो जरा जास्तच रेंगाळला.

मग ताटाकडे झेपावला. पटापट अंजिरं गिळली, ढोलीला बिलगला आणि घशातलं एक फळ टोकावर आणून फटीपुढे धरलं. आतून चोच आली आणि ते ओढू लागली.

"हळू गं बाई," म्हातारा पुटपुटला. "नवी कवळी आहे त्याची."