छातीवरचा मोगरा

साहेब, माझं दूध तुम्ही आटवलंत. बाळंतपणाच्या आठव्या दिवशी डबा हातात ठेवून म्हणालात, "पावडरचं दूध पाजा, कारखान्यात शिलाईला या, पण पान्ह्याचे डाग शिवायच्या बनियनवर पडले तर घरीच बसा." मी छातीवर मोगऱ्याचे गजरे बांधले. सासू कळवळली, "अगं पोन्नी, मूल दगावलेल्या बाईचं दूध आटवायला बांधतात ते! तुझी लेक हसतेय." मी सासूला म्हटलं, "अत्तै, कारखान्यातून डबे येत राहतील की!" "डब्याला पान्हा फुटतो का गं?" चार दिवसांत दूध गेलं, अंगातला मोगरा मात्र राहिला. काल तुम्ही डबे बंद केलेत. रविवारच्या दुपारी घर त्या वासात तरंगतंय. साडीच्या झोळीत लेक झोपेतच ओठ हलवते, हवेतलं काहीतरी चोखते, गालात हसते. झोका देताना मलाही वाटतं, कुठेतरी माझा पान्हा वाहतोय. जागी झाल्यावर तिच्या तोंडी काय देऊ? बोला!