हुंकारा

"बंद पडला गं तो," मागच्या सीटवरून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. सकाळपासून ग्लानीत असलेल्या मामंजींचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दवाखाना घाटाखाली, आणि घरात गाडी चालवता येणारी मी एकटीच सून.

"नाही आत्या. भुरभुर आहे ना, म्हणून वायपर थांबून थांबून फिरतो. आत विजेचं एक बारीक भांडं असतं, झऱ्याखालच्या कळशीसारखं. ते हळूहळू भरतं, भरलं की रिकामं होतं आणि तेवढ्यात काच पुसली जाते. मग पुन्हा भरायला लागतं."

"शहाणं आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला.

दोन वळणांनंतर मी आरशात पाहिलं. "मामंजींचा श्वास चाललाय ना?"

"थांबलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "भरत असेल."

"आत्या, माणसाचं तसं नसतं. हलवा त्यांना."

त्यांनी खांदे धरून गदागदा हलवलं. घशातून घरघर आली, मग श्वास.

"आता झोपायचं नाही," त्या रडत रडतच दरडावू लागल्या. "मी ओवी म्हणते, तुम्ही हूं म्हणायचं."

जात्यावरची ओवी सुरू झाली. ओळ संपली, की मी कान मागे लावायची; हूं आला, की पुढचं वळण घ्यायची. शेवटच्या उतारावर ओळ संपली आणि मागून काहीच आलं नाही.

"अहो," आत्या त्यांच्यावर वाकल्या, "हुंकारा राहिला."

बऱ्याच वेळाने मामंजी पुटपुटले, "ओळ चुकलीस."