साधंच घड्याळ

मखमलीवर दोनच घड्याळं उरली होती आणि त्यातलं एक रजतनं दिवस मावळायच्या आत घेऊन जायचं होतं.

गेल्या रविवारी, जैन साधू उतरतात त्या स्थानकात, महाराजसाहेबांसमोर हात जोडून शांतिलालशेठनी नियम घेतला होता: यापुढे घड्याळ एकच. सगळ्या जालन्यात वाहवा झाली. सळईच्या कारखान्याचा मालक, घड्याळांचा एवढा मोठा शौकीन, आणि एकच? पण शेठनी बोलल्याप्रमाणे कपाट रिकामं केलं. संभाजीनगरचा पुतण्या रजत, तोही याच नादातला, एकेक डबी घेऊन गेला; पैसे परस्पर गोशाळेला. राहिली ही दोन, आणि दोन्ही टूरबियाँ.

आता टूरबियाँ म्हणजे काय, तर घड्याळाचं धडधडणारं काळीज एका इवल्याशा पिंजऱ्यात बसवायचं आणि तो पिंजराच मिनिटाला एक फेरी मारत ठेवायचा. घड्याळं कोटाच्या खिशात उभी राहायची आणि वजन एकाच बाजूला पडून त्यांची चाल चुकायची, त्या काळातली ही करामत. मनगटावर तिचा उपयोग जवळपास शून्य. हे प्रत्येक शौकिनाला पक्कं ठाऊक असतं आणि तरी तो तिच्यावर जीव टाकतो. शौकच तो!

"बघ रजत." शेठनी भिंग त्याच्या हातात दिलं. "हे सोन्याचं. पिंजऱ्याला वरून आधारच न्हाई, नुसता तरंगून राह्यलाय. आतल्या पट्टीच्या कडा बघ, हातानं घासलेल्या. इकडून काळ्याभोर दिसत्यात, जरा कलतं केलं की आरसा. एकदा चावी दिली की आठ दिवस बघायचं काम न्हाई. असा पीस शोधून भेटणार न्हाई तुला. हे घेऊन जा. सोडायचं तर माणसानं भारीतलं सोडावं."

हे घड्याळ आपल्याला मिळेल, असं रजतला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "आणि हे दुसरं, काकाजी?"

"हे होय? हे आपलं साधंच. समोरून तर काही दिसत बी न्हाई."

समोरून खरंच काही दिसत नव्हतं. पांढरी तबकडी, दोन काटे, बस्स. याचा पिंजरा मागच्या बाजूला. लग्नकार्यात, बँकेत, कुठंही कुणाला पत्ता लागायचा नाही की या माणसाच्या हातावर काय फिरतंय. याला चावी मात्र रोज लागायची. सकाळी शेठ खिडकीपाशी उभे राहून हलक्या हातानं चावी देत, मग घड्याळ पालथं करून पिंजऱ्याच्या फेऱ्या बघत बसत. रोज चहा गार होई आणि रोज त्यांच्या पत्नी बसंतीबाई ओरडत.

त्या बसंतीबाई समोरच सोफ्यावर मुगाची डाळ निवडत होत्या.

"एक विचारू का?" ताटातून मान वर न करता त्या म्हणाल्या.

"विचार की."

"गोदामातला माल काढायचा असला की तुम्ही बराबर असंच बोलता. हात लावून बघा, असा माल शोधून भेटणार न्हाई. आणि जो माल आपल्याला पाह्यजे असतो, त्याला काय म्हणता?"

शेठ मखमलीची सुरकुती सारखी करू लागले.

"साधंच हाय, म्हणता." बसंतीबाईंनी एक खडा वेचून बाजूला ठेवला. "जन्म गेला माझा, ऐकूनच राह्यले मी."

रजतला हसू फुटलं, पण काकांचा चेहरा पाहून त्यानं ते गिळलं. शेठना आधी राग आला. मग कान तापले. चोरी पकडली गेली होती आणि पकडणारी घरचीच होती. सोन्याचं देऊन टाकायचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. लोकांना दाखवायला भारीतलं, आणि जीव जिथं अडकला ते आपल्या मनगटावर! रविवारी हात जोडतानाच मनातल्या मनात त्यांनी हा सौदा करून टाकला होता. महाराजसाहेबांसमोरसुद्धा दुकानदारी. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"कोणतं सोडायचं, हे काही महाराजसाहेबांनी सांगितलं न्हाई," तरी ते पुटपुटलेच.

"न्हाईच सांगितलं. त्यांचा इश्वास हाय तुमच्यावर."

शेठनी साधं घड्याळ उचललं. पालथं केलं. पिंजरा आपला फिरत होता. कोण जिंकलं, कोण हरलं, त्याला काय त्याचं! त्यांनी चावी द्यायला घेतली. सावकाश, पार जड लागेपर्यंत. मग ते रजतच्या तळहातावर ठेवलं.

"काकाजी, अजून विचार करा," रजत म्हणाला. सोन्याचं हुकलं म्हणून त्याचा चेहरा जरा पडलाच होता.

"घेऊन जा. जल्दी निघ. रोज सकाळी चावी दे, विसरू नको. घाई करायची न्हाई. जड लागलं की तिथंच थांबायचं."

रजतची गाडी फाटकाबाहेर पडली. कंपाउंडच्या भिंतीवर ऊन जेमतेम उरलं होतं. दिवस मावळला की या घरात पाणीसुद्धा घेत नसत, म्हणून बसंतीबाईंनी घाईनं चहा आणून खिडकीत ठेवला.

"घ्या. आता रोज गरम प्यायला मिळंल," त्या म्हणाल्या. चिडवायलाच गेल्या होत्या, पण आवाज जरा हललाच.

शेठनी मान डोलावली. कपाला हात लावला नाही. ते बाहेर बघत उभे होते, आणि त्यांचा अंगठा नि बोट सदऱ्याचं बटण धरून फिरत होतं. सावकाश, थांबत थांबत, जड लागण्याची वाट बघत.

बसंतीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी चहा गार होऊ दिला.